झोपून पाहिल्याशिवाय

मालकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच गादीवर लोळताना.

टेंभुर्णीच्या शाळेत मला नेमणूक मिळाली होती. वडील जुन्या जालन्याहून मला आणि माझ्या वळकटीला पोचवायला आले होते. खोली पाहून झाली, मोरी पाहून झाली, पाण्याचं विचारून झालं, आणि वडील निघणार एवढ्यात घरमालकांनी विचारलं, गादी कशाची आहे? वडील म्हणाले, कापसाची. घरमालक म्हणाले, सोडा बरं जरा. वडिलांनी गोंधळून वळकटी सोडली. त्या गृहस्थांनी टोपी काढून कोनाड्यात ठेवली, धोतर सावरलं आणि ते सरळ गादीवर उताणे झाले. मग डाव्या कुशीवर, मग उजव्या, मग पालथे, नाक गादीत खुपसून. उठून बसले तेव्हा वडिलांना म्हणाले, "कापूस दबलाय. पिंजून घ्या, न्हाई तर पोरीची पाठ धरन."

वडील कापडाच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक कापड चुरगाळून बघतं, उजेडात धरून बघतं, हे त्यांना सवयीचं होतं. पण लेकीच्या गादीवर घरमालक झोपून बघतो हे त्यांच्या हिशेबात बसेना. त्यांनी मला ओट्यावर बोलावून हळूच सांगितलं की दुसरीकडे बघू, हा माणूस सरळ दिसत नाही. दुसरीकडे म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली होती, दिवसभर खालून इंजिन आणि अंगावर पीठ. मी म्हटलं, राहते इथंच. बदली होईपर्यंतची सगळी वर्षं मग मी तिथंच काढली. गादी मात्र पिंजून आणली. पाठ दुखायची थांबली, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. स्वतःबद्दल त्यांचा आधीच बराच समज होता.

त्यांना सगळे मालकच म्हणत. गडी म्हणत, मी म्हणत असे, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे काकूही नवऱ्याला मालकच म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेलं घराणं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमीन. एकुलती एक मुलगी कुंभार पिंपळगावला दिलेली. त्या मोठ्या घरात दोघं नवरा-बायको, एक म्हातारी गाय, मी, आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काकूंच्या कोंबड्या.

कोंबड्या काकूंच्या होत्या, हे नीट सांगायला हवं. कोंबड्या पाळणं त्या घराण्याला शोभणारं काम नव्हतं, आणि भावकीतल्या लोकांनी ते काकूंना ऐकवायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. पण मुलीच्या लग्नानंतर काकूंनी माहेरहून चार कोंबड्या आणल्या, पुढे त्यांच्या पुष्कळ झाल्या, मग अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्या आल्या आणि शेड उभं राहिलं. काकू फार बोलणाऱ्या नव्हत्या. एकदा मी विचारलं की या वयात हा व्याप कशाला, तर त्या दाणे निवडता निवडता म्हणाल्या, "शेत मालकाचं, बैल मालकाचे, पोरगी जावयाची. कोंबड्या माह्या हायेत."

आणि काकूंना दमा होता. ज्याने कोंबड्यांचं शेड आतून पाहिलेलं नाही त्याला या दोन गोष्टींचा संबंध कळायचा नाही. कोंबड्यांच्या पायाखाली वीतभर जाडीचा भुशाचा थर पसरावा लागतो. ओल तो पितो, घाण तो घेतो, रात्री ऊबही तोच देतो. मालक त्याला अंथरूण म्हणत. ते अंथरूण रोज दाताळ्याने खालीवर करावं लागतं, नाहीतर त्याचा खडक होतो. खालीवर केलं की धूळ उडते, आणि धूळ उडाली की काकू दाराची चौकट धरून उभ्या राहत. त्यांच्या छातीतून येणारा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू येई. जालन्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की कोंबड्या ठेवा किंवा श्वास ठेवा. परत येताना एसटीत काकू एवढंच म्हणाल्या की कोंबड्या राहतील.

कोणी म्हणेल, दाताळं दुसऱ्याने मारावं. मालकांनी ते करून पाहिलं होतं. पण त्या पांढऱ्या कोंबड्या भलत्या भित्र्या. अनोळखी धोतर आत आलेलं पाहून त्या एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढल्या आणि खालच्या काही चेंगरून मेल्या. गड्याला पाठवलं तर अंडीच बंद. काकूंच्या पावलाला मात्र त्या मानही वर करत नसत. तेव्हा आत जाणार काकूच, हे ठरलेलं होतं, आणि धूळ न उडणारं अंथरूण शोधणं एवढाच मार्ग उरला होता. मालकांनी तो धरला आणि त्या मार्गावर त्यांचं जे काही झालं त्याला गावाने वेड म्हटलं.

त्यांच्या परीक्षा दोन होत्या. पहिली माजघरात व्हायची. मातीच्या धाब्याला, म्हणजे सपाट छपराला, उजेडासाठी एक भोक ठेवलेलं असतं, त्याला तिकडं सवणं म्हणतात. दुपारी त्यातून उन्हाची तिरीप खाली येई. मालक नमुन्याची मूठ त्या तिरिपेत सोडत आणि धूळ किती वेळ नाचते ते श्वास धरून बघत. त्या वेळी घरात कोणी चालायचं नाही, दार लावायचं नाही, बोलायचं तर नाहीच. मी एकदा चहाचा कप घेऊन मध्येच आले तर त्यांनी नुसता हात वर केला, आणि धूळ बसेपर्यंत मी वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी उंबऱ्यात उभी राहिले.

त्यात पास झालं तर दुसरी परीक्षा. नमुना ओट्यावर पसरायचा आणि उघड्या अंगाने त्यावर झोपायचं. उताणं, डावी कूस, उजवी कूस, पालथं. याच क्रमाने, माझ्या गादीवर झाले होते तसे. मी धीर करून विचारलं की कोंबड्या काही उघड्या पाठीने झोपत नाहीत, मग हे कशाला? त्यावर ते इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "पाठ कोंबडीसाठी. नाक तुमच्या काकूसाठी. ती वाकून दाताळं मारती बाई. तिचं नाक जिथं जातं तिथं माहं नको का न्यायला?"

काकूंना मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं की कोंबडी सुखात झोपली की अंडं मोठं येतं. काकूही अंडं हातात घेऊन, मोठं आलं खरं, असं म्हणत. कोण कोणाला फसवत होतं ते त्यांचं त्यांना माहीत. संध्याकाळी काकू शेडमध्ये असल्या की मालक बाहेर पत्र्याला कान लावून उभे असत. विचारलं तर म्हणत, कोंबड्यांचा आवाज ऐकून राह्यलो. कोंबड्यांचा आवाज ऐकायला पत्र्याला कान लावावा लागत नाही, तो अख्ख्या गल्लीला ऐकू येतो. मी तेव्हा लग्नाची होते, स्थळं येत होती, आणि खरं सांगते, त्या पत्र्याशी उभ्या माणसाकडे बघून मला काकूंचा फार हेवा वाटायचा.

दर शनिवारी मी जालन्याला घरी जाई, त्यामुळे नमुने आणायचं काम माझ्याकडे आलं. लोक येताना गावाहून खारीक-खोबरं आणतात, मी लाकडाच्या वखारीतला भुसा आणि तेलाच्या घाण्यावरची टरफलं पिशवीत भरून आणत असे. एकदा भरल्या एसटीत भुशाची पिशवी फुटली. खिडक्यांतून वारा, पुढच्या माणसाच्या टोपीवर भुसा, मागच्या बाईच्या तान्ह्याच्या डोक्यावर भुसा, कंडक्टर तोंड सोडून बोलतोय. रडकुंडीला येऊन मी घरी पोचले आणि मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोण कोण शिंकलं?" मी म्हटलं, सगळेच. "पार पुढचेबी? डायव्हर?" मी म्हटलं, ड्रायव्हरसुद्धा. "मंग तो भुसा बिलकुल नको," म्हणाले आणि हात झाडून आत गेले. माझी चूक, मला वाटलं होतं ते माझी विचारपूस करतील.

हळूहळू ही खोड कोंबड्यांपुरती राहिली नाही. कोणाच्याही घरी गेले की त्यांचा हात आधी सतरंजीखाली जाई. लग्नात जानवशाच्या गाद्या दाबून बघत आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन काय ते सांगत. माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांना त्यांनी मुलाचं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. त्यांच्याकडं झोपायला काय हाय, एवढंच विचारलं. एका घरी म्हातारा वारला होता. माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याला खाटेवरून उतरवून, सारवलेल्या भुईवर घोंगडं टाकून ठेवतात, खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. तर मालक आणि मी तिथे भेटायला गेलो आणि मालक रडणाऱ्या मुलाला विचारते झाले की सारवण वाळलं होतं का? मुलाला ते फार लागलं. मालकांना मात्र आपण काही वावगं बोललो असं वाटलंच नाही. परत येताना मला म्हणाले, "माणूस आयुष्यभर खाटेवर झोपतो आन् शेवटाला वल्या भुईवर टाकतात. कोणी हात लावून बघत न्हाई." मी रागावले होते, दोन पावलं पुढेच चालत राहिले.

अंथरुणांचा क्रम आता मला नीट आठवत नाही, पण प्रत्येकाची गत आठवते. गव्हाचा भुसा तिरिपेतच नापास झाला. रंध्यावरचे लाकडाचे छिलके उत्तम ठरले, पण अख्ख्या टेंभुर्णीत सुतार किती आणि ते रंधा मारणार किती. भुईमुगाची टरफलं दोन्ही परीक्षा पास होऊन शेडमध्ये गेली, आणि परतीच्या पावसाची ओल लागून त्यांना बुरशी आली. त्या दिवाळीत काकूंना फराळाचं काही करता आलं नाही, त्या भिंतीला उशी लावून बसून राहिल्या. मग मुलीच्या सासरहून उसाचं पाचट आलं, गाडीभर. ते तोडून बारीक केलं, पसरलं, आणि मालक त्यावर नेहमीप्रमाणे उघड्याने झोपले. उठले तेव्हा पाठीवर मांजरांची झुंज झाल्यासारखे ओरखडे. काकू खोबरेल तेल लावायला बसल्या आणि त्यांना हसू आलं. इतकं आलं की धाप लागली, आणि धाप लागली तरी हसू थांबेना. मालक पाठ पुढे करून बसले होते आणि घाबरून म्हणत होते, हसू नको, हसू नको. त्या दोघांना मी इतकं आनंदात क्वचितच पाहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते झालं.

जालन्याच्या बाजूला बियाणं साफ करायचे कारखाने तेव्हा उभे राहत होते. मालक पेरणीचं बी आणायला अशाच एका ठिकाणी गेले होते. तिथे मागच्या बाजूला बाजरीच्या फोलपटाचा ढीग होता. यंत्राच्या पंख्याने त्यातली धूळ आधीच उडवून नेलेली, फोलपट मऊ, हलकं आणि कोरडं. रखवालदार म्हणाला, आम्ही जाळतोच, न्या हवं तेवढं. मालकांनी गोण्या भरून आणल्या. सवण्याच्या तिरिपेत मूठ सोडली तर धूळ जवळजवळ नाहीच. ओट्यावर पसरून झोपले तर खरोखरच झोप लागली, घोरले. संध्याकाळी काकूंनी त्यांची पाठ घासताना म्हटलं की पाठीला गुलाबी कसलं लागलंय? मालक म्हणाले, "गोण्याचा रंग असन." दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नवं अंथरूण पडलं. काकूंनी दाताळं मारलं आणि न थांबता, चौकट न धरता बाहेर आल्या. मालक पत्र्यापाशी उभे होतेच. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

कीड लागू नये म्हणून विषारी औषध लावलेलं बी गुलाबी असतं हे त्या तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल. मालक स्वतः दर हंगामात ते पेरत. ते सांडलेलं बी झाडून त्याच ढिगावर टाकलेलं होतं, फोलपटात मिसळलेलं, म्हणूनच तो ढीग जाळायचा होता. पण त्या दिवसांत मालक डोळ्यांनी काही बघतच नव्हते, त्यांना फक्त पाठ होती आणि नाक होतं.

नवं अंथरूण पडल्याच्या दुसऱ्या सकाळी मी शाळेची तयारी करत होते. काकू शेडमध्ये गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. पदरात एक कोंबडी होती, तिची मान खाली लोंबत होती. त्या पायरीवर बसल्या. मालक आत गेले. बऱ्याच वेळाने मूठ घेऊन बाहेर आले, ती उन्हात धरली आणि त्यातला एकेक गुलाबी दाणा बोटाने बाजूला काढत राहिले. अर्ध्याहून जास्त कोंबड्या गेल्या होत्या. कोणीतरी सुचवलं की ताज्या आहेत तोवर विकून टाका. मालक त्याच्या अंगावर धावून गेले. मग गड्यालाही हात लावू न देता त्यांनी स्वतः शेतात खोल खड्डा खणला आणि त्या पुरल्या.

काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढत, पाणी ठेवत, बोलत नसत. मोठ्या घरात दोन माणसं गप्प बसली की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. शेवटी एका दुपारी मालक माजघराच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले की उरलेल्या विकून टाकू, शेड मोडू, तुझा जीव राहू दे. मी शेजारीच गहू निवडत होते, उठून जायला जागा नव्हती.

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमी अंगाखाली घेऊन बघितलं," त्या म्हणाल्या. "नाकाला लावून बघितलं. पर कोंबडी अंथरूण खाती, मालक. उजाडल्यापसून ती पायाखालचंच टोचती. माह्या दम्यासाठी तुमी माह्या कोंबड्या मारल्या."

म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं. मोठ्या अंड्याची गोष्ट त्यांनी एक दिवसही खरी मानली नव्हती. मालकांनी लहान मुलासारखं विचारलं, "मंग आता?"

"आता खाऊन बघा," काकू म्हणाल्या. "आन् शेड मोडायचं नाव काढू नका. दम माहा हाय, मी बघन."

तेव्हापासून तिसरी परीक्षा सुरू झाली. जे काही अंथरूण म्हणून येई ते मालक आधी तोंडात टाकत. डोळे मिटून सावकाश चावत, आणि थुंकून चूळ भरत. गावात झालं की मालक भुसा खाऊन राह्यले, आता जालन्याला दाखवायला न्या. भावकीतला एक जण मला शाळेत येऊन विचारून गेला की रात्रीबेरात्री काही त्रास देतात का. मी त्याला फटकारलंच. तोवर मीही त्या घरातली झाले होते.

शेवटचा शोध मात्र मालकांचा नाही, कोंबड्यांचाच. शेड खरवडून, चुना मारून वाळत ठेवलं होतं आणि उरलेल्या कोंबड्या अंगणात सोडल्या होत्या. माझी मोरी नव्याने बांधायची म्हणून तिथे वाळूचा ढीग पडला होता. काकूंनी दाणे टाकले, तर थोडेसे टिपून सगळ्या त्या ढिगाकडे वळल्या आणि वाळूत अंग रुतवून, पंख पसरून, डोळे मिटून पडल्या. मालक कितीतरी वेळ बघत बसले. मग त्यांनी सदरा काढला, एकीला हलकेच बाजूला सरकवलं आणि तिच्या शेजारी आडवे झाले. उताणे, डावीकडे, उजवीकडे, पालथे. मग चिमूटभर वाळू तोंडात घातली.

"बाई," ते तिथूनच मला म्हणाले, "कोंबडी खडे गिळतीच. पोटात दाणा दळायला तिला लागतात. हे अंथरूण तिनं खाल्लं तरी बराबर."

तिरिपेत मात्र वाळूही थोडी नाचली, मातीचा अंश होता. म्हणून मालक वाळू धुवायला निघाले. गाडीत वाळू भरायची, नदीवर न्यायची, चाळणीत घेऊन वाहत्या पाण्यात हलवायची, काठावर वाळवायची आणि परत आणायची. नदीतून वाळू आणणारी माणसं सगळ्यांनी पाहिली होती, नदीवर वाळू नेणारा माणूस कोणी पाहिला नव्हता. पोरं बघायला जमत. धुणं धुणाऱ्या बायका विचारत की मालक, नीळ द्यायची का? मालक गंभीरपणे त्यांना सांगत की तुम्ही खालच्या अंगाला बसा, तुमचा साबण माझ्या कोंबड्यांच्या पोटात जातो. त्यावरून एकदा मोठं भांडणही झालं, आणि शेवटी बायका खालच्या अंगाला सरकल्या.

काकूंचा दमा गेला नाही. दमा असा जात नसतो. पण पुढच्या दिवाळीत त्यांनी स्वतः करंज्या तळल्या आणि मला डबा भरून दिला. वाळूवर दाताळं फिरवून त्या बाहेर येत आणि पायरीवर बसून पान लावत. थंडीत वाळू गार पडे, म्हणून मालक दुपारी शेडचे दोन पत्रे उघडून ऊन आत घेत आणि संध्याकाळी आत हात घालून बघत. कोंबड्या आता त्यांच्या धोतराला भीत नव्हत्या. पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, आणि टेंभुर्णीला जाणं वर्षाकाठी एकदा, मग तेही कमी होत गेलं.

काही वर्षांनी काकूंचा निरोप आला की मालकांनी अंथरूण धरलंय, भेटून जा. मी पोचले तेव्हा दुपार होती आणि घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगी-जावई कुंभार पिंपळगावहून आले होते. मालक माजघरात खाटेवर होते, डोळे मिटलेले, श्वास वरवर चाललेला. मी हात हातात घेतला, त्यांनी ओळखलं की नाही कळलं नाही. काकू पायाशी बसल्या होत्या, पाठीने वाकलेल्या, पण धाप नव्हती.

भावकीतल्या एका वडीलधाऱ्याने नाडी बघितली आणि सांगितलं की वेळ झाली, खाली घ्या. कोणीतरी घाईघाईने भुई सारवली, वर घोंगडं टाकलं. चौघांनी खाटेला हात घातले. तेव्हा काकू उठल्या आणि म्हणाल्या, "थांबा."

त्या घोंगड्यापाशी गेल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि इतक्या माणसांसमोर, त्या मोठ्या घरातली ती म्हातारी बाई भुईवर आडवी झाली. आधी उताणी, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या, मग पालथी, तोंड घोंगड्यात खुपसून. मुलगी रडायची थांबली.

"वल हाय," काकू उठून म्हणाल्या. "शेडमधली धुतलेली वाळू आणा."

वडीलधारे चिडले. खाटेवर जीव गेला तर काय, हे काय चालवलंय, म्हणाले. त्यांचं भय खोटं नव्हतं, मालकांचा श्वास मध्येच थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जावई धावत जाऊन घमेल्यांनी वाळू घेऊन आला. ती सारवलेल्या भुईवर पसरली, हाताने सारखी केली, वर कोरडं घोंगडं आलं. काकू पुन्हा झोपल्या. कंबरेपाशी काहीतरी लागलं, तेव्हा घोंगड्याखाली हात घालून त्यांनी एक खडा काढला आणि तो मुठीतच ठेवला. पुन्हा कूस बदलून पाहिली.

"आता घ्या," त्या म्हणाल्या.

मालकांना खाली ठेवलं. त्यांचा हात घोंगड्याच्या कडेवरून घसरून वाळूत गेला आणि बोटं जराशी रुतली, मग तिथेच राहिली. काकू उशाशी बसल्या. मागे शेडमध्ये कोंबड्यांचं चाललं होतं ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

दिवस मावळेपर्यंत मालक त्या अंथरुणावर होते. त्यांनी एकदाही कूस बदलली नाही.